शिंपला परत

४ नोव्हेंबर

धाकट्या,

फोनवर तू नुसतं हं-हं करतोस आणि कामाचं काही विचारलं की "ताई, आवाज तुटतोय" म्हणतोस. कागदाचा आवाज तुटत नाही, म्हणून लिहायला बसलेय. उत्तरही कागदावरच दे. बायकोकडून लिहून घेतलंस तर मला अक्षर कळतं.

पत्रास कारण एवढंच की मला वीट आलाय. काल सभेला तुझे साहेब आले होते. तूच त्यांना जीपमधून आणलंस, पण काचा चढवून गाडीतच बसलास, म्हणून आत काय झालं ते सांगते. साहेबांनी खुर्ची मागितली. दिली, तर पुसून मागितली. मग नाकाला रुमाल लावून तासभर आम्हाला समजावलं की ही खाडी आमची आहे. अरे, जन्म गेला आमचा त्या चिखलात, आणि हा बाबा रुमालातून सांगतोय की खाडी आमची! कार्यालय आणि गाव मिळून कालवं राखणार, यालाच सहव्यवस्थापन म्हणतात म्हणे. मी पडले समितीची अध्यक्ष, म्हणून पहिल्या रांगेत बसून मान डोलवायची. जाताना अर्धा चहा प्यायले आणि उरलेला आमच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी ओतून गेले. शी! आता तिथे मुंग्या लागल्यात.

असो. कामाचं बोलते. मार्चमध्ये राखलेला पट्टा उघडायचाय. तिवरांच्या पलीकडे माल वाहणारा तो जुना लोखंडी पडाव बुडून गंजत पडलाय ना, त्याच्या आजूबाजूचा सगळा. तीन वर्षं तिथे कोणी कोयती लावलेली नाही. राखायचं आम्ही, मोजायचं कार्यालयाने, असं ठरलंय. मार्चमध्ये पट्टा भरलेला निघाला तर कायमचा आम्हा बायकांचा. रिकामा निघाला तर करार मोडला आणि पट्टा ठेकेदाराच्या घशात. ठेकेदार काय करतो ते शेजारच्या खाडीत तू बघितलंयस. तिवरं मुळासकट उपटून कालवं खरवडली, आता तिथे कावळाही बसत नाही.

तीन वर्षं कळ काढा, तळहाताएवढी कालवं काढाल, असा शब्द मी सगळ्यांना दिलाय. आमच्यातली तोफ रोज मला ऐकवते. (ती अजून तशीच आहे. कुजबुजली तरी पलीकडच्या काठावर ऐकू जातं.) "तुझ्या शब्दावर पोटाला चिमटा घेतलाय हो, अध्यक्षीणबाई!" म्हणते. मी हसते, पण आतून धाकधूक असतेच.

नमुन्याचं मात्र बरं चाललंय. दर महिन्याला साहेब तपासणीसाठी नमुना नेतात, तेवढ्यापुरतीच पट्ट्यात उतरायची परवानगी. आधी टोपलीभर न्यायचे, आता पोती लागतात. मोठी मोठीच निवडा, म्हणतात, मोठ्यांवरूनच पट्ट्याची तब्येत कळते. मी स्वतः निवडते. आपला पट्टा कुठे कमी दिसायला नको, म्हणून काल वर एक पोतं जास्तीचं दिलं. ते मीच उचलून तुझ्या जीपमध्ये टाकलं. तू आरशातून बघत होतास. खाली उतरून हात लावला असतास तर काय हात झिजले असते?

आणि साहेबांना आठवण कर. तपासून झालं की शिंपले परत पाठवा म्हणावं. आपला पहिला नियम तोच, कालव खा आणि शिंपला परत. पिल्लांना बसायला काहीतरी टणक लागतं, नाहीतर ती चिखलात गुदमरतात, हे त्या रुमालवाल्याला कोणी सांगितलंय की नाही देव जाणे. तुला तरी आठवतंय ना? खेळायला एक शिंपला लपवलास म्हणून आईने तुला भरती पोटरीला लागेपर्यंत चिखलात उभं केलं होतं. केवढं भोकाड पसरलं होतंस!

तुझी,
ताई


१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर माझंच आहे, खात्री करून घे.

साहेबांना शिंपल्यांचं विचारलं. ते म्हणाले, तपासणीत शिंपल्याचं पीठ करावं लागतं, त्यामुळे परत देता येत नाहीत. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी आपला गाडी चालवतो.

ताई, एक विनंती आहे. सभेत फार प्रश्न विचारत जाऊ नकोस. साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. रुमालाचं म्हणशील तर त्यांना वासाचा त्रासच आहे, गाडीतही उदबत्तीसारखं काहीतरी लावायला लावतात. इतकी वर्षं मी हंगामी ड्रायव्हर म्हणून राबतोय. फेब्रुवारीत कायम करतो असं त्यांनी तोंडाने सांगितलंय. तू त्यांना सभेत टोचून बोललीस की परतीच्या वाटेवर ते माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. तेवढा वेळ मला काय होतं ते माझं मला माहीत.

घरी सगळं ठीक. अंगणातला चिखल एकदाचा मिटला. दारापासून फाटकापर्यंत भर टाकून घेतली. आता कितीही पाऊस पडो, चप्पल भरत नाही. तुझी भावजय खूश आहे, दोन्ही कडेला कुंड्या लावल्यात. शेजारी विचारतात, कुठून आणलंत म्हणून.

फोनवर डोळ्यांचं म्हणाली होतीस, त्याचं काय झालं? तिकडेच कोणाला तरी दाखवून घे, इकडे फार गर्दी असते.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा


२ डिसेंबर

धाकट्या,

तुझं "सा. न. वि. वि." वाचून दाजी म्हणाले, कार्यालयातून नोटीस आली की काय! बहिणीला लिहितोस की साहेबाला?

शिंपल्याचं पीठ करतात हे मी सभेत सांगितलं. तोफ म्हणाली, "पीठ करून काय पावडर लावतात तोंडाला?" मीच तिला दटावलं. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, काहीतरी यंत्र असेल, तुला-मला काय कळणार त्यातलं. तुझ्या साहेबाची बाजू मी घेतली बरं का, तुझ्याकडे बघून. परतीच्या वाटेवर बोलले ना तुझ्याशी?

इथे एक घाण प्रकार झाला. तोफेच्या सुनेला दिवस गेलेत. तिला डोहाळे लागले कालवांचे, आणि तेही मोठ्या कालवांचे. गेली गुपचूप राखलेल्या पट्ट्यात आणि तीन काढून तिथेच फोडून खाल्ली. राखणीला मीच होते. मी पकडली. रडली बिचारी, पाया पडली, शिंपले तिथेच टाकलेत म्हणाली. पण नियम तो नियम. पोटुशी आहे म्हणून सोडलं तर उद्या दुसरीला अमुक आणि तिसरीला तमुक. सगळ्यांसमोर तिला महिनाभर खाडी बंद केली. तोफ माझ्याशी बोलत नाही. तिचं न बोलणं बोलण्यापेक्षा मोठं ऐकू येतं. मी मनाला सांगितलं, पट्टा राहिला तर सगळ्या राहतील. साहेबांनाही हे सांगितलं, म्हटलं बघा आम्ही किती कडक राखतो. ते म्हणाले, शाब्बास.

डोळ्यांना गर्दी चालते, तू काळजी करू नकोस. इकडच्या डॉक्टरने शहरातच जा म्हणून चिठ्ठी दिलीय. मी पंधराला येतेय. आता आवाज तुटतोय असं म्हणायची सोय नाही. तुझं ते अंगणही बघते.

ताई


१८ डिसेंबर

तुला काय म्हणून हाक मारू, ते सुचत नाही. म्हणून नुसतंच लिहिते.

परवा मी न जेवता का निघून आले, ते तुझ्या बायकोला कळलं नाही. ती फाटकापर्यंत मागे आली, "वन्सं, माझं काही चुकलं का" म्हणत. तिला सांग, तिचं काही चुकलं नाही. तुला मात्र कळलं होतं. तू बाहेरसुद्धा आला नाहीस.

डॉक्टरने डोळ्यांत औषध घातलेलं. रिक्षातून उतरले तेव्हा समोर सगळं नुसतं पांढरं. तू म्हणालास, "सांभाळून, ताई, चप्पल काढू नकोस." तेव्हाच मला कळायला हवं होतं. घरात शिरताना चप्पल काढू नको असं आपल्या घरात कोणी कोणाला कधी म्हटलंय? मी काढली. आणि अंगणात पाय टाकला.

अरे, या पायांनी मी आयुष्यभर कालवं शोधलीत. वरून चिखल असतो, डोळ्यांना काय दिसणार, सगळं टाचेनेच बघायचं. पहिल्या पावलाला कळलं शिंपले आहेत. दुसऱ्याला कळलं, तळहाताएवढे आहेत. तिसरं पाऊल टाकवेना. मी खाली बसले, तुला वाटलं चक्कर आली. पाणी आणायला धावलास! तेवढ्यात मी हाताने चाचपलं. पीठ केलेले शिंपले, पालथे घालून, ओळीत, छान ठोकून बसवलेले.

सकाळी डोळे निवळल्यावर नीट पाहिलं. प्रत्येकाच्या काठाला गंजाची तांबूस रेघ. सगळ्या खाडीत ही रेघ एकाच जागी येते, पडावाजवळ. कुंड्यांच्या मागे नवे टाकलेत, त्यांना आतून अजून मांस चिकटलंय. त्यावर माशा. तो वास! तुझ्या साहेबाला आमच्या चिखलाचा वास सोसत नाही, आणि माझा भाऊ रोज दारात ही सडलेली घाण ठेवून झोपतो, सकाळी त्यावरून चालत कामाला जातो आणि शेजाऱ्यांना म्हणतो, बघा कसं अंगण आहे.

मला किळस आली. साहेबाची नाही रे, साहेब परका. असले छप्पन्न बघितलेत. तुझी आली. बसमध्ये मला खरोखर ओकारी झाली. शेजारची बाई म्हणाली, गाडी लागते का? मी म्हटलं, भाऊ लागला.

त्या पोरीला मी तीन कालवांसाठी महिनाभर खाडी बंद केली. आणि तुझ्या अंगणात किती आहेत रे? मोजलेस कधी?

खरं काय ते लिही. पहिल्यापासून.


२७ डिसेंबर

ती. ताईस,

मला माहीत होतं एक दिवस हे होणार. तरीपण तू म्हणतेस तसं ते नाहीये.

साहेबांच्या मित्राचं हॉटेल आहे. नमुना म्हणून एक टोपली खरंच कार्यालयात जाते. बाकीची पोती थेट हॉटेलात, काही वरच्या लोकांच्या घरी. हे सगळे करतात, ताई. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा ड्रायव्हर आला असता, पोती तशीच गेली असती. मी एक कालव खाल्लेलं नाही, मुलाची शपथ. हॉटेलवाला शिंपले कचऱ्यात टाकणार होता. मला वाटलं, वाया कशाला जाऊ द्यायचे? इकडे अंगणात गुडघाभर चिखल, तुझी भावजय दोनदा घसरून पडलेली. यात मी कोणाचं काय चोरलं, तूच सांग.

राग येऊ देऊ नकोस, पण एक बोलतोच. मोठी मोठी निवडून कोणी दिली? वर एक पोतं जास्तीचं कोणी दिलं? माझ्या गाडीत कोणी चढवलं? मी आरशातून बघत होतो म्हणालीस. हो, बघत होतो. वाटत होतं खाली उतरून तुला सांगावं, ताई, नको देऊस एवढी. नाही उतरवलं.

फेब्रुवारीपर्यंत कोणाला काही बोलू नकोस. एकदा कायम झालो की मी काहीतरी मार्ग काढतो. हात जोडतो.

धाकटा


१४ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं. निवडून मीच दिली, चढवली मीच. ते खरंय. त्यासाठी माझी मला जी शिसारी येते, ती तुला सांगून हलकी करणार नाही. पण मला फसवलं होतं. तुला सगळं माहीत होतं. हा फरक तुला कळत नसेल, तर आईने तुला चिखलात उभं केलं ते फुकट गेलं.

"वाया कशाला जाऊ द्यायचे" म्हणतोस! खाडीतला शिंपला खाडीत गेला असता तर वाया गेला असता, आणि तुझ्या कुंड्यांखाली सार्थकी लागला, होय ना?

मी फेब्रुवारीपर्यंत गप्प बसणार होते. खोटं कशाला बोलू, बसणारच होते. रक्ताचं नातं असं घाणेरडं असतं. पण गेल्या आठवड्यात साहेबाने वर कळवलं की राखलेला पट्टा विरळ झालाय, मोठी कालवं जवळपास उरलेलीच नाहीत, आणि समितीच्या बायकांनीच ती लपूनछपून काढली. पुरावा काय, तर तोफेची सून! मीच त्याला फुशारकीने सांगितलं होतं ना, तेच उलटं करून माझ्या तोंडावर फेकलं. करार मोडायची तयारी झालीय. ठेकेदाराचा माणूस परवा तिवरांत फिरून गेला, कुठली आधी तोडायची ते बघत होता.

बायकांचं तर विचारूच नकोस. एकमेकींकडे चोर म्हणून बघतायत. अर्ध्या म्हणतात, पट्टा जाणारच आहे तर आजच सगळ्या मिळून खरवडून घेऊ, ठेकेदाराला कशाला ठेवायचा? मी बांधावर आडवी उभी राहिले. एकीने माझ्या तोंडावर सांगितलं, "तुझा भाऊच तर साहेबाची गाडी चालवतो, तुला काय कमी!" मी बांधावरून हलले नाही.

वीस फेब्रुवारीला साहेबाच्या वरच्या मोठ्या बाई पट्टा बघायला येणार आहेत. शेवटचा निकाल त्यांचा. सांगतात की ऐकून घेणाऱ्या आहेत, पण हातात काही दाखवलं तर.

म्हणून हे पत्र. तू तोंड उघडावंस असं मी म्हणत नाही, तुझ्याकडून तेवढं होणार नाही हे मला कळलंय. एवढंच कर, अंगणाला हात लावू नकोस. आहे तसं ठेव. मोठ्या बाईंना मी तिथे घेऊन येईन. तांबूस रेघ बघितली की कोणाला काही सांगावं लागणार नाही. तू घरात बसून राहा, मुलाला घेऊन बाहेर जा, काहीही कर. फक्त हात लावू नकोस.

तुझ्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही. हे मागते.

ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,

कसं लिहू कळत नाही.

अंगण आता सिमेंटचं झालंय.

मी तुझं पत्र साहेबांना दाखवलं नाही, हे आधी सांगतो. मी फक्त म्हणालो की ताई रागावलीय, तिने अंगण बघितलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या कामावरची सिमेंटची पोती घेऊन गवंडी दारात हजर. साहेबांचा निरोप होता, शिंपल्यांवरून वहिनी घसरतील, पक्कं करून घ्या. मी काय करणार होतो? गवंड्याला परत पाठवलं असतं तर कायमचा कागद गेला असता. तुझी भावजय नको म्हणत होती, मीच तिला आत पाठवलं.

आता काही दिसत नाही. एका अर्थी बरंच झालं असं समज. जे झालं ते झाकलं गेलं. बाईंना तू सांगितलंस तरी त्यांना कोरं सिमेंट दिसेल आणि तुझंच हसं होईल, म्हणून आधीच कळवतो. तुझ्या भल्यासाठीच.

पट्टा गेला तर तू आणि दाजी इकडे या. मी कायम झालो की तुमची सोय करीन.

मला माफ कर.

धाकटा


२६ मार्च

धाकट्या,

माझ्या भल्यासाठी सिमेंट ओतलंस, हे वाचून मला हसू आलं. इतकं हसले की दाजी घाबरले. मग तुझं पत्र घेतलं आणि सभेत मोठ्याने वाचून दाखवलं. आधीचीही वाचली. माझं वर पोतं जास्तीचं देणंही सांगितलं. तोफेच्या सुनेची सगळ्यांसमोर माफी मागितली. तिला आता आठवा लागलाय, खाली बसवत नव्हतं म्हणून उभ्यानेच म्हणाली, "मावशी, राहू द्या." त्या "राहू द्या"ने मला जास्त लागलं.

वीस फेब्रुवारीला काय झालं ते तू पडद्याआडून बघितलंस. मला पडदा हलताना दिसत होता, डोळे आता चांगले झालेत. पण पडद्याआडून सगळं दिसत नाही, म्हणून सांगते.

मोठ्या बाई सकाळी पट्ट्यावर आल्या. नाकाला काही लावलं नाही. साडी खोचून गुडघाभर चिखलात उतरल्या, एकदा पडल्याही. पट्टा बघून म्हणाल्या, मोठी कालवं कुठे गेली? तुझा साहेब पटकन पुढे झाला, "मॅडम, हाच तर मुद्दा." मी म्हटलं, शहरात आहेत, दाखवते. त्यांना वाटलं मी बाजाराचं बोलतेय. म्हटलं, नाही, एका ड्रायव्हरच्या अंगणात, सिमेंटखाली. साहेबाचा चेहरा त्या वेळी असा झाला, जणू कोणीतरी त्याचा रुमाल काढून घेतलाय.

आम्ही बसने निघालो, घण आणि पहारी घेऊन. कंडक्टर म्हणाला, बायांनो, कुणाचं घर पाडताय? तोफ म्हणाली, "भावाचं!" सगळी बस हसली. मी नाही हसले.

तुझ्या फाटकाशी मोठ्या बाई गाडीतून उतरल्या आणि थबकल्या. कोरं करकरीत सिमेंट, कडेला कुंड्या. म्हणाल्या, "हे फोडायचं? आणि खाली काही निघालं नाही तर?" माझ्याही मनात तेच आलं. गवंड्याने आधी सगळं उकरून नेलं असेल तर? घण जमिनीला टेकवला. मी तुझ्या खिडकीकडे बघितलं. वाटलं, आता तरी बाहेर येशील. एक शब्द बोलशील. पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. तेव्हा जी घृणा वाटली ना, ती या जन्मात जाईल असं वाटत नाही.

दार उघडलं ते तुझ्या बायकोने. कोणाकडे बघितलं नाही. पदर खोचला, एकेक कुंडी उचलून बाजूला ठेवली. मग फाटकाजवळ येऊन पायाने जागा दाखवली. म्हणाली, "वन्सं, इथून फोडा. इथे गवंड्याला सिमेंट कमी पडलं होतं."

पहिला घण मी घातला. दुसरा तोफेने. तिसऱ्याला तुकडा निघाला, उलटा केला, तर खालच्या बाजूला तळहाताएवढे शिंपले, एकाला एक लागून, आणि काठाला तांबूस रेघ. मोठ्या बाई खाली बसल्या. बराच वेळ बोट फिरवत होत्या त्या रेघेवरून. आमच्याच पट्ट्यात दुपारपर्यंत फिरल्या होत्या, पायाला तोच गंज लागलेला. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

पट्टा राहिला. आम्हा बायकांच्या नावावर झाला, कागद मिळाला. पण उघडला नाही. आम्हीच ठरवलं, आणखी दोन वर्षं बंद. तोफ म्हणाली, "पुन्हा चिमटा!" पण हात पहिला तिनेच वर केला. आणि नमुना आता काठावरच मोजायचा. त्यांच्या माणसाने मोजायचं, आमच्या दोघींनी बघायचं, आणि पाणी चढायच्या आत सगळी जिवंत परत. एकही कालव गाडीत चढणार नाही, मग गाडी कोणाची का असेना.

साहेबाचं म्हणशील तर त्याची बदली झाली. बस्स, बदली. दुसऱ्या खाडीवर. तिथेही रुमाल लावून सांगेल, ही खाडी तुमची. मी तिथल्या बायकांना निरोप धाडलाय, याला एक टोपलीसुद्धा देऊ नका. पण किळस येते रे, एवढं होऊन नुसती बदली! तुझं कायम होणं राहिलं ते मला कळलं. वाईट वाटलं का? वाटलं. खोटं नाही बोलत. वाटलं याचाही राग आला.

तुझ्या अंगणाचे तुकडे आम्ही टेम्पोत भरून आणले. शिंपले सिमेंटमधून सुटेनात, ओढले तर फुटत होते. मग तसेच, तुकडेच्या तुकडे, पडावाजवळ नेऊन टाकले. शिंपला परत म्हणजे परत, कसाही असो. मला वाटलं होतं, त्या घाणीवर काही बसणार नाही. काल ओहोटीला बघायला गेले. पिल्लं बसलीत. नखाएवढी, तांदळासारखी पांढरी. शिंपल्यांवर बसलीत आणि सिमेंटवरही बसलीत, तुझ्या साहेबाने पाठवलेल्या सिमेंटवर. पिल्लांना काय, टणक लागतं, कोणी कशासाठी ओतलं ते ती विचारत नाहीत.

मी विचारते. म्हणून तू एवढ्यात येऊ नकोस. बायकोला आणि मुलाला सुट्टीत पाठव. तिला सांग, अंगणात पुन्हा चिखल झाला असेल तर इथून खडी पाठवते.

ताई